निरांजनांच्या उजेडात नेम

आधी एक गोष्ट सांगून टाकते, म्हणजे पुढे वाद नको. आमच्या घरातला तो बंदुकांचा व्हिडिओ गेम दिसायला जगात सगळ्यात भिकार आहे, आणि खेळायला सगळ्यात भारी आहे. हे मी गेली पंधरा वर्षं म्हणत आलेय, आणि माझा मोठा भाऊ, दादा, गेली पंधरा वर्षं मला वेड्यात काढत आलाय. यंदा एप्रिलात तो आंब्यासाठी मुंबईहून आला तो बॅगेत आपलं ते मोठं काळं मशीन घालूनच आला. पायावर पाणी घेता घेता म्हणाला, "आज तुझा भ्रम घालवतो."

मी म्हटलं, "घालव की. पण दोन्ही खेळायचे. आधी तुझा, मग आपला."

गेम एकच. दादाच्या मशीनवर तो मूळचा, नटूनथटून आलेला. आपला म्हणजे तोच गेम, पण एका छोट्या पांढऱ्या मशीनसाठी पुन्हा बेतलेला. त्या पांढऱ्या मशीनची ताकद अगदी बेताची, पण त्याची एक गंमत होती. रिमोट हातात धरून टीव्हीवर रोखायचा, की हात जाईल तिकडे पडद्यावरची निशाणी जाते. दादाला मुंबईत पहिली नोकरी लागली तेव्हा त्यानं ते कुणाकडून तरी वापरलेलं घेतलं आणि रत्नागिरीला, भाट्याच्या पुलापलीकडे, आमच्या घरी आणून टाकलं. मी तेव्हा अकरावीत होते. बारावीला मला जे मार्क पडले त्याला ते मशीन जबाबदार आहे असं आई अजून म्हणते, आणि तिचं खरं आहे.

तसं बघायला गेलं तर त्या शनिवारी घरात कुणाला गेम सुचावा अशी स्थिती नव्हती. सोमवारी बाबांना डॉक्टरांकडे जायचं होतं, आणि त्यावरून घरात दोन तट पडले होते.

बाबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची एकनळी बंदूक आहे. आमची कलमं घराच्या वरच्या अंगाला, कातळावर. फळ भरायला लागलं की वानरांची टोळी उतरते, आणि एक वानर एक आंबा खाऊन थांबत नाही, दहा चावून टाकतो. बाबा जाऊन हवेत बार काढतात. चाळीस वर्षांत त्यांनी एका जनावराला छर्रा लागू दिला नाही. नुसता आवाज द्यायचा, टोळी पळते. शेजारच्या बागांतूनही फोन येतात, "काका, आलेत हो," आणि बाबा पानावरून उठतात. आई म्हणते, अन्न टाकून जाऊ नये. बाबा म्हणतात, वानर काय माझं जेवण व्हायची वाट बघणार आहे? अलीकडे झाडावर चढणं बंद झालं होतं, फवारणीला माणसं येत, पेट्या भरायला बायका येत. बाबांचं म्हणून जे काम उरलं होतं ते बंदुकीचं. परवान्याची मुदत संपत आली होती, आणि नूतनीकरणाला डॉक्टरांचा दाखला लागतो, की माणूस धडधाकट आहे.

आणि बाबांचा उजवा हात दोन वर्षांपासून थरथरत होता.

हे वाक्य लिहायला मला बराच वेळ लागला, कारण आमच्या घरात ते कुणी उच्चारतच नसे. बाबा बशीत ओतून चहा प्यायचे, ते कपानं प्यायला लागले, तोही अर्धा कप. आम्ही म्हणायचो, पित्त वाढलंय म्हणून कमी केलाय. मार्चमध्ये त्यांचा एक बार खाली गेला आणि बागेतल्या काळ्या टाकीला छर्ऱ्यांची भोकं पडली. टाकी जुनीच झाली होती, असं बाबा म्हणाले, आणि मीही म्हणाले.  नंतर मागच्या दारी जाऊन आईनं दादाला फोन लावला. "आज टाकी फुटली, उद्या पेट्या भरायला आलेल्या बाईचं डोकं फुटेल," असं म्हणताना तिचा आवाज रडवेला झालेला मी ऐकला. परवाना बंद करा, बंदूक जमा करा, असं तिचं म्हणणं. दादा तिच्या बाजूला. मी बाबांच्या बाजूला, अगदी डोळे मिटून. बंदूक गेली तर त्यांना फोन कोण करणार? सोमवारी मीच त्यांना स्कूटरवरून न्यायचं आणि दवाखान्यात इतकं बोलायचं की डॉक्टरांचं लक्ष हाताकडे जाऊ नये, असा माझा बेत होता. बोलण्यात मी कुणाला हार जात नाही. कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये नोकरी करते, दिवसभर बंद पडलेल्या मशीनबद्दल पोरांना पटवत असते की ते चालू होणार आहे.

तर शनिवारी दुपारी दादानं बाहेरच्या खोलीतल्या मोठ्या टीव्हीला त्याचं मशीन जोडलं आणि पुलाचा टप्पा लावला. काय ते रूप! लांबवर डोंगर, डोंगरावर बर्फ, खाली नदी, पुलावर तीस-चाळीस सैनिक, प्रत्येकाचा चेहरा वेगळा. दादा अंगठ्यानं ती दांडी फिरवत होता आणि भराभर माणसं पाडत होता. मी बारकाईनं बघत होते. मग म्हटलं, "दादा, नेम तू धरत नाहीयेस. ती निशाणी माणसाजवळ गेली की आपोआप त्याला चिकटते. मशीन तुला मदत करतंय."

"सगळ्यांनाच करतं," तो म्हणाला.

"मग त्यात तुझं काय कौतुक?"

त्याला राग आला. मला आनंद झाला. आपलं मशीन काढायला मी माळ्यावर चढलेच.

खोकं होतं तिथेच होतं. रिमोटमधले सेल फुटून आतले पत्रे हिरवे झाले होते, ते लिंबाच्या फोडीनं घासले आणि नवे सेल घातले. नव्या टीव्हीला त्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांची भोकंच नाहीत, म्हणून मागच्या खोलीतला जुना ठोकळा टीव्ही पुसून घेतला. सगळं जमलं, पण टीव्हीखाली ठेवायची ती काळी पट्टी नव्हती. नव्हती म्हणजे मी बारावीत असतानाच तिची वायर उंदरांनी खाल्ली होती, आणि तेव्हाच आम्हाला त्या मशीनचं गुपित कळलं होतं. ती पट्टी काही बघत नाही. बघतो तो रिमोट. पट्टीत नुसते दोन टोकांना दोन दिवे असतात, डोळ्यांना न दिसणारे, आणि रिमोट त्या दोन दिव्यांकडे बघून आपण कुठे आहोत ते ओळखतो. आता ज्योतीतही तसा न दिसणारा उजेड असतोच. म्हणजे टीव्हीपुढे वीतभर अंतरावर दोन निरांजनं लावली की काम झालं. तेव्हा आम्ही अख्खा उन्हाळा तसा खेळलो होतो.

"देवाची निरांजनं त्या मुडद्यांच्या गेमपुढे लावत्येस पुन्हा?" आईनं स्वयंपाकघरातून विचारलं. तूप लावून वाती करून देत होती तीच, हे सांगायला हवं.

निरांजनं लावायची तर पंखा बंद. खिडकीही बंद. रत्नागिरीत एप्रिलच्या दुपारी पंखा बंद करून बसणं म्हणजे काय ते इथल्या माणसालाच विचारावं. दादा बनियनवर आला. टीव्ही लागला, दोन ज्योती स्थिर झाल्या, मी रिमोट उचलला आणि पडद्यावर निशाणी आली. मला एवढा हर्ष झाला की मी दादाच्या पाठीत गुद्दाच घातला.

आणि मग तो पूल! डोंगर नाहीतच. सगळीकडे धुकं, कारण लांबचं काही दाखवायची मशीनची ऐपत नाही. नदी म्हणजे एक निळसर फडकं. चाळीस सैनिकांचे सहा झालेले, आणि सहाही एकाच आईचे. एक पडला की तो लगेच नाहीसा होतो, कारण तो गेल्याशिवाय पुढच्याला जागा नाही. दादा पोट धरून हसायला लागला. पण मला ते बघून भरून आलं, खरंच सांगते. कुणीतरी कुठेतरी बसून हे ठरवलं असणार. ताट लहान आहे, तर काय वाढायचं आणि काय गाळायचं. डोंगर गाळू, गर्दी गाळू, बर्फ गाळू, पण हाताचा नेम गाळायचा नाही. लहानपणी मला हे कळलं नव्हतं, तेव्हा मी नुसती खेळत होते. आता दिवसभर मशीनांत वावरते म्हणून त्या माणसांचं काम दिसायला लागलं, आणि वाटलं, यांना घरी बोलावून आंबे खाऊ घालावेत.

मी धुक्यातून तो पूल एकदाही न मरता ओलांडला. इथे निशाणी कुणाला चिकटत नाही. माझा हात जिथे, तिथे ती. मनगट जरा वळवलं की तीही तेवढीच वळते. मग दादाला दिला. मोठ्या मशीनची सवय त्याला, त्याचा एकही बार लागेना. "ज्योत हलतेय," म्हणाला.

"नाचता येईना अंगण वाकडं," मी म्हटलं, आणि आई आतून हसली.

बाबा वरच्या बागेतून आले ते या हसण्यावर. दारात उभे राहून बंद खिडकी, बंद पंखा, दोन निरांजनं आणि घामानं निथळणारी आपली दोन थोर अपत्यं बघत राहिले. "पूजा कसली आहे?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. म्हणाले, "म्हणजे यात नेम आपला आपण धरायचा? दे बघू."

पूर्वी त्यांनी त्या रिमोटला कधी हात लावला नव्हता. मी उडी मारून त्यांना खुर्ची दिली, उजव्या हातात रिमोट दिला, डाव्या हातात तो वायरीला लोंबणारा नारळाच्या बोंडाएवढा दुसरा तुकडा दिला, त्यानं चालायचं. बाबा पुलावर आले. धुक्यातून सैनिक पुढे आला. बाबांनी हात सरळ छताकडे नेला आणि बार काढला. आणि थांबले.

"हा पळत कसा नाही?" ते म्हणाले.

आमची हसून हसून मुरकुंडी वळली. तेवढ्यात सैनिकानं त्यांना मारलं. बाबांनी पुन्हा सुरुवात केली आणि पुन्हा आकाशात बार. तिसऱ्यांदाही तेच. चाळीस वर्षांची सवय, माणूस काय करणार? आई हात पुसत येऊन दाराशी उभी राहिली होती, तीसुद्धा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. महिनाभरात घरात असं हसू झालं नव्हतं. मला वाटलं, हा गेम ज्यांनी इतका कातरून आमच्यापर्यंत पोचवला, त्यांनी हे बघायला हवं होतं.

"बाबा, त्याच्यावर धरा," दादा म्हणाला. "इथे मारावंच लागतं."

बाबांनी हात खाली आणला आणि सैनिकावर रोखला. आणि निशाणी थरथरायला लागली.

थोडी नव्हे. सैनिकाच्या डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्यावर, परत डाव्या. आकाशात बार काढताना ते कुणाला दिसलं नव्हतं, कारण तिथे धरायला काही नव्हतं. आता वीस इंची पडद्यावर बाबांचा हात सगळ्यांच्या समोर होता. दोन वर्षं आम्ही ज्याच्याकडे बघायचं टाळलं तेच टीव्हीवर लागलं होतं. हसू थांबलं. दादानं माझ्याकडे बघितलं. आई जमिनीकडे बघायला लागली.

"ज्योत हलतेय," मी म्हटलं.

मघाची म्हण या वेळी कुणीच काढली नाही.

मी उठले, खिडकीला उशी लावली, दाराचा पडदा ओढला. निरांजनांत तूप घातलं, वाती पुढे सरकवल्या. ज्योती अगदी चित्रातल्यासारख्या उभ्या राहिल्या. बाबांनी पुन्हा हात रोखला. निशाणी तशीच.

"तू धर बघू," बाबा म्हणाले आणि रिमोट माझ्याकडे दिला.

त्या क्षणी मी जे केलं त्याचा मला अजून पश्चात्ताप आहे की नाही, ते मला सांगता यायचं नाही. मी रिमोट रोखला, मनगट जरा सैल सोडलं आणि हलवलं. पडद्यावर निशाणी थरथरली. "बघा," मी म्हटलं, "माझंही हलतंय. मशीन जुनं झालंय."

 मघाशी तास-दीड तास मी त्याच रिमोटनं धुक्यातल्या माणसांच्या टोप्या उडवत होते, हे दादानं बघितलं होतं. बाबा तेव्हा बागेत होते. मला वाटलं, यांना काय कळणार. मी बाजूला बघितलं तर बाबांची नजर माझ्या मनगटावर होती.  "बरं, दे इकडे," एवढंच म्हणाले आणि पुन्हा खेळायला लागले. कोपर गुडघ्यावर टेकवून बघितलं, डाव्या हातानं मनगट धरून बघितलं. अकरा वेळा मेले, बाराव्यांदा पूल ओलांडला, आणि पलीकडे पोचल्यावर रिमोट मांडीवर ठेवून म्हणाले, "चांगला आहे गो तुझा गेम. खोटं काही दाखवत नाही." मी ते कौतुक म्हणून घेतलं. दादाकडे बघून भुवया उडवल्या, वाद जिंकल्यासारखं.

रविवार तसाच गेला. सोमवारी सकाळी बाबा आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, कागदांची प्लास्टिकची पिशवी घेऊन दारापुढच्या खळ्यात उभे होते. आईनं त्यांना काहीच विचारलं नाही, दादानंही नाही. स्कूटरवर भाट्याचा पूल ओलांडेपर्यंत मी माझं भाषण मनात घोळवत होते. सकाळपासून पोटात काही नाही. रात्री झोप नाही. बागेत दिवसभर ओझी उचलतात हो. डॉक्टर आमच्या घरच्यांना वर्षानुवर्षं बघणारे, पण मी त्यांनाही पुरून उरले असते, एवढी माझी तयारी होती.

दवाखान्यात गर्दी नव्हती. डॉक्टरांनी बीपी घेतलं, डोळे बघितले, अक्षरं वाचायला लावली. बाबांनी सगळी वाचली. मला आत उत्साह मावेना. मग डॉक्टर म्हणाले, "हात पुढे करा काका. दोन्ही. बोटं पसरून."

मी लगेच सुरू झाले. "डॉक्टर, त्यांनी सकाळपासून काही—"

बाबांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तो तिथेही हलत होता.

"माझे नकोत," ते डॉक्टरांना म्हणाले. "माझे मी परवा टीव्हीवर बघितले. हिचे बघा."

त्यांनी पिशवीतून कागद काढून टेबलावर ठेवला. तो नूतनीकरणाचा फॉर्म नव्हता. परवाना वारसाच्या नावे करून देण्याचा अर्ज होता. वारसाच्या रकान्यात माझं नाव होतं, बाबांच्या अक्षरात, रेघेच्या वर-खाली जात लिहिलेलं. कधी भरला असेल? रविवारी जेवण झाल्यावर ते बराच वेळ पडवीत पाठ करून बसले होते, एवढंच मला आठवलं.

"बाबा, मी कशाला? दादा आहे," मी म्हटलं.

"तो मुंबईला असतो. वानर इथे असतात."

डॉक्टर आमच्याकडे आळीपाळीनं बघत होते.  मी नाही म्हटलं तर बंदूक ठाण्यात जमा होणार आणि कुणाचीच राहणार नाही. हो म्हटलं तर ती बाबांची राहणार नाही. मी हात पुढे करायला लागले, आणि बाबा माझ्याकडे न बघता, अगदी हळू म्हणाले, "आज हलवू नको हो."

मी दोन्ही हात डॉक्टरांसमोर धरले, बोटं पसरून. ते अजिबात हलले नाहीत. इतकी वर्षं ज्या हातांचा मी तोरा मिरवला त्यांचाच त्या क्षणी मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. हात तरीही हलले नाहीत.

"एकदम स्थिर," डॉक्टर म्हणाले.

"लिहा मग तसं," बाबा म्हणाले, आणि टेबलावरचं पेन त्यांच्याकडे सरकवलं.